ग्योबेनच्या भट्टीपाशी

एक युद्धनौका मनासमोर ठेवून आज थोडा वेळ बसायचं आहे. तिचं पहिलं नाव ग्योबेन, दुसरं यावुझ सुलतान सेलिम. ती आता पाण्यावर कुठेच नाही. 1976 पर्यंत ती पत्रा-पत्रा करून तोडली गेली. तेव्हा तिला बघायचं ते मनातच. वाचता वाचता मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, कागद बाजूला ठेवा, मग पुन्हा या. तिच्याविषयी मत बनवायची घाई नको. एक वस्तू जन्मापासून शेवटापर्यंत नीट बघायची, इतकंच करायचं आहे.

आधी तिचा आकार डोळ्यांसमोर येऊ द्या. लांबी 186 मीटर, रुंदी जेमतेम 30. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत ती बांधली गेली, 28 मार्च 1911 रोजी पाण्यात उतरली आणि 2 जुलै 1912 रोजी जर्मन आरमारात दाखल झाली. पाच बुरुजांत दोन-दोन, अशा दहा मोठ्या तोफा. प्रत्येकीच्या नळीचा व्यास 28 सेंटिमीटर. या जातीच्या नौकेला बॅटलक्रूझर म्हणत. कल्पना ब्रिटिशांची. मोठ्या युद्धनौकेच्या तोफा घ्यायच्या, क्रूझरचा वेग घ्यायचा, आणि त्याची किंमत चिलखत पातळ करून मोजायची. जर्मनांनी हिशेब थोडा बदलला, तोफा जरा लहान ठेवल्या आणि चिलखत जाड. कागदावरच्या या हिशेबावर पुढे हजारो माणसांचं मरण-जगणं ठरलं. पण ते नंतर. आत्ता ती फक्त नवी आहे, रंगाचा वास अजून गेलेला नाही.

आता खाली चला. वरचा डेक, वारा, झेंडा हे सगळं सोडून लोखंडी शिडीवरून एकेक पायरी उतरा. प्रत्येक मजल्यावर उजेड कमी होतो आणि उष्मा वाढतो. अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, 24 बॉयलर आहेत. आपल्याकडच्या बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवती पाणी. इथे उलटं, शेकडो बारीक नळ्यांतून पाणी फिरतं आणि आग नळ्यांच्या बाहेर. त्या पाण्याची वाफ टर्बाइनवर सोडली की चार पंखे फिरतात आणि वीस हजार टनांहून जड लोखंड घोड्याच्या वेगाने धावू लागतं. भट्टीसमोर उघड्या अंगाची माणसं उभी आहेत. एक फावड्याने कोळसा आत भिरकावतो, दुसरा लांब सळईने निखारे फोडतो, तिसरा बाजूच्या कोठारातून कोळसा ओढून आणतो. ते समुद्रावर आहेत, पण समुद्र त्यांना दिसत नाही. नौका कुठे निघाली आहे, समोर कोण आहे, हे त्यांना वरून कुणी सांगितलं तर कळणार.

इथे थोडं रेंगाळा. ग्योबेनची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक वरच्या डेकवरून सांगतात. तिच्यावरचा अॅडमिरल विल्हेल्म झुशोन दुर्बीण लावून उभा असतो, नकाशे असतात, तारा येतात-जातात. ते खोटं नाही. पण तिच्या आयुष्यातला निर्णायक आठवडा या तळघरात घडला, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

त्या आठवड्याआधीची एक बाब. 1912 च्या नोव्हेंबरात ग्योबेन आणि ब्रेस्लाऊ ही छोटी क्रूझर भूमध्य समुद्रात पाठवली गेली. बाल्कन युद्ध पेटलं होतं आणि जर्मनीला तिथे आपला झेंडा दिसायला हवा होता. बंदरोबंदरी फिरण्यात दीड-दोन वर्षं गेली आणि नवी कोरी नौका आतून थकली. बॉयलरच्या नळ्या गळू लागल्या. सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला त्या सुमारास ती ऑस्ट्रियाच्या पोला बंदरात गेली, जर्मनीहून कारागीर आले आणि जुलैच्या उकाड्यात चार हजारांवर नळ्या त्यांनी बदलल्या. काम पुरं होण्याआधीच युद्ध उभं ठाकलं. काही नळ्या नव्या, काही जुन्याच, अशा अवस्थेत ती निघाली.

4 ऑगस्ट 1914. पहाटे ग्योबेनने अल्जीरियातल्या फिलिपव्हिल बंदरावर थोडे गोळे टाकले होते, कारण तिथून फ्रेंच फौज युरोपात जाणार होती. आता ती पूर्वेकडे, मेसिनाकडे परत चालली आहे. कॉन्स्टँटिनोपल गाठ, असा बर्लिनचा हुकूम आलेला आहे. सकाळी समोरून दोन ब्रिटिश बॅटलक्रूझर येताना दिसतात, इंडॉमिटेबल आणि इन्डिफॅटिगेबल. ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत मध्यरात्री संपायची आहे. म्हणजे या क्षणी हे शत्रू नाहीत. तिन्ही नौका तोफेच्या टप्प्यात एकमेकींच्या बाजूने निघून जातात. कुणी सलामी देत नाही, कुणी गोळी झाडत नाही. मग दोघी ब्रिटिश नौका वळतात आणि मागे लागतात.

हा क्षण मनात स्थिर करा. हजारो तरुण तोफांजवळ सज्ज उभे आहेत. त्यांच्यात अजून वैर नाही. बारा-चौदा तासांनी ते वैर लागू होणार आहे. घड्याळाचा काटा पुढे सरकेपर्यंत जे खून ठरलं असतं, तेच काटा सरकल्यावर कर्तव्य ठरणार आहे. याचा निवाडा करू नका, फक्त त्या काट्याकडे बघा.

आणि पुन्हा खाली या. वरून हुकूम आला आहे: वेग वाढवा. ज्यांचं काम आगीशी नाही त्यांनाही खाली पाठवलं आहे, फावडी हातोहात फिरताहेत. कोळशाच्या धुरळ्याने घसा बंद होतो, निखाऱ्यांच्या झळीने कातडी भाजते. जुन्या नळ्या दाब सोसेनाशा होतात, एकेक फुटते आणि उकळती वाफ माणसांवर येते. त्या दिवशी चार आगवाले भाजून मेले. वेग मात्र कमी झाला नाही. दुपारनंतर ब्रिटिश नौका मागे पडत गेल्या आणि रात्र पडायच्या आत क्षितिजावर कुणी उरलं नाही.

त्या चौघांजवळ आपण थांबू या. ते कुठल्या गावचे, त्यांना लिहिता येत होतं का, घरी कोण होतं, यातलं काही मनाने रचू नका. मनाला लगेच एखादी आई, एखादं पत्र, एखादा चेहरा उभा करायचा असतो; करुणा त्याने सोपी होते. ती सोपी करू नका. चार माणसं भाजून मेली, त्यांच्या जागी दुसऱ्यांनी फावडं उचललं आणि नौका पुढे गेली. एवढ्याच वाक्याशी राहून बघा, ते किती जड आहे ते.

मेसिनाला पोचल्यावर विश्रांती नव्हतीच. इटली तटस्थ, बंदरात चोवीस तासच मिळणार. तिथल्या जर्मन व्यापारी जहाजांतला कोळसा घ्यायचा होता, पण तो भरभर उपसता यावा अशी ती जहाजं बांधलेली नव्हती, म्हणून त्यांचे डेक फोडले गेले. ऑगस्टच्या उन्हात टोपल्या, पोती, फावडी अखंड चालू होती. बँड वाजवून माणसांना उभं ठेवलं जात होतं. माणसं काम करता करता कोसळत होती. शेवटी झुशोननेच काम थांबवलं, कारण ही माणसं पुढे भट्टीपाशी उभी राहू शकणार नव्हती. 6 ऑगस्टला ग्योबेन बाहेर पडली. ग्लॉस्टर ही छोटी ब्रिटिश क्रूझर एकटीच तिचा पिच्छा धरून राहिली. रिअर अॅडमिरल ट्रबरिजकडे चार चिलखती क्रूझर होत्या. रात्रभर तो आडवा यायला धावला आणि पहाटे माघारी वळला. दिवसाउजेडी ग्योबेनच्या लांब पल्ल्याच्या तोफांपुढे आपल्या चारही नौका जातील, हा त्याचा हिशेब. त्याच्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. मला तो भित्रा वाटत नाही. त्याला वरून आलेला हुकूम होता, तुमच्यापेक्षा प्रबळ फौजेशी भिडू नका. आणि ग्योबेनच्या बॉयलरची काय अवस्था आहे हे त्याला माहीत नव्हतं. शत्रूच्या पोटात काय जळतंय हे कुणाला दिसतं?

10 ऑगस्टच्या संध्याकाळी ती दार्दानेल्स या तुर्की सामुद्रधुनीच्या तोंडाशी आली. युद्धमंत्री एन्वर पाशाने परवानगी दिली आणि सुरुंगांच्या रांगांमधून तुर्की नौकेने तिला वाट दाखवली.

तुर्कस्तान अजून तटस्थ होतं. पण लोक दुखावलेले होते. लोकवर्गणीतून पैसा जमवून त्यांनी ब्रिटनमध्ये दोन मोठ्या युद्धनौका बांधवून घेतल्या होत्या. त्या ताब्यात यायच्या ऐन वेळी ब्रिटनने स्वतःसाठी जप्त केल्या. अशा वेळी दारात जर्मन नौका येऊन उभी राहिली आणि 16 ऑगस्टला ती तुर्कस्तानची झाली, निदान कागदोपत्री. ग्योबेनची यावुझ सुलतान सेलिम झाली, ब्रेस्लाऊची मिदिल्ली. झुशोन तुर्की आरमाराचा प्रमुख झाला. खलाशी तेच, फक्त डोक्यावर फेज टोपी आली.

इथे स्वतःला विचारून बघा, नाव बदललं म्हणजे काय बदललं? तोफा त्याच, नळ्या त्याच, जर्मन हुकूम तोच. आणि तरी बरंच काही बदललं, कारण ज्या बाया-बाप्यांनी नौकेसाठी पै-पैसा दिला होता त्यांना किनाऱ्यावरून ती दिसत होती. एखादी वस्तू आपली झाली असं लोकांना मनापासून वाटलं की ती थोडी तरी त्यांची होतेच. पुढे साठ वर्षं याचा प्रत्यय येत राहिला.

29 ऑक्टोबरला पहाटे यावुझने सेवास्तोपोलवर गोळे डागले. त्याच दिवशी सोबतच्या नौकांनी काळ्या समुद्रातल्या इतर रशियन बंदरांवर हल्ले केले. 2 नोव्हेंबरला रशियाने तुर्कस्तानशी युद्ध पुकारलं, 5 नोव्हेंबरला ब्रिटन आणि फ्रान्सने. आणि 6 नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या टोकाला, फाव इथे, हिंदी फौज किनाऱ्यावर उतरली. ती फौज पूना डिव्हिजनची होती.

म्हणजे हॅम्बुर्गला बांधलेल्या नौकेचा धागा सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीपर्यंत येतो. हा धागा हलक्या हाताने धरायला हवा. पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबरच्या मध्यालाच मुंबईहून निघाली होती आणि बहरीनजवळ वाट बघत होती; आखातातल्या तेलाची काळजी ब्रिटिशांना आधीपासून होतीच. तेव्हा एका नौकेने हे सगळं घडवलं, असं म्हणणं म्हणजे तिला नको तेवढं मोठं करणं. पण सेवास्तोपोलवर ते गोळे पडले नसते, तर ती वाट पाहणारी माणसं कधी उतरली असती, उतरली असती का, कुणी सांगावं?

ती फौज पुढे तैग्रिसच्या काठाने वर गेली, बगदादच्या अलीकडे अडली, मागे हटली आणि 7 डिसेंबर 1915 पासून कूत अल अमारा या नदीच्या वळणातल्या गावात वेढली गेली. वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली. बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्माच्या विचाराने ते मांस कितीतरी दिवस नाकारलं. 29 एप्रिल 1916 रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांत शिपाई होते तसे भिश्ती, आचारी, डोलीवालेही होते. वाळवंटातून त्यांना चालवत नेलं. रस्त्यात किती पडले आणि रास अल ऐनच्या रेल्वेकामावर किती खपले, त्याचा विचार करताना मन आकड्याकडे पळू देऊ नका. एका माणसाच्या पायांकडे बघा. तो मावळातला किंवा कोकणातला आहे. चढ-उतार, पाऊस, चिखल त्याच्या पायांना ठाऊक आहे. ही सपाट, पाणी नसलेली जमीन ठाऊक नाही. ग्योबेन हे नाव त्याने उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. भट्टीपाशी भाजून मेलेल्या आगवाल्याने कूत ऐकलेलं नव्हतं, तसंच.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. तिथून पहिल्या महायुद्धात इतके लोक गेले की गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा लागला. त्या भागात, तसंच कोकणात, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेल्या पाट्या आहेत: या गावातून किती गेले, किती परतले नाहीत. पुष्कळ पाट्यांवर आकडा आहे, नाव एकही नाही.

नौकेकडे परत या. युद्धाच्या उरलेल्या वर्षांत तिचा बराच काळ डागडुजीत गेला. 26 डिसेंबर 1914 ला बोस्पोरसच्या तोंडाशी ती दोन सुरुंगांवर गेली. एक भोक 50 चौरस मीटरचं, दुसरं 64. तिला कोरडी ठेवू शकेल एवढी गोदी सबंध तुर्कस्तानात नव्हती. मग भोकांच्या मापाचे लोखंडी पेटारे बनवून ते बाहेरून बुडाला घट्ट बसवले, आतलं पाणी उपसलं आणि त्या ओल्या कोठडीत उतरून कारागिरांनी पत्रे जोडले. हे काम चार महिने चाललं, आणि त्यातही ती मधूनमधून समुद्रावर जाऊन येत होती. कोळशाची टंचाई कायमचीच. 20 जानेवारी 1918 रोजी ती आणि मिदिल्ली दार्दानेल्समधून बाहेर पडल्या, इम्ब्रॉस बेटाशी दोन ब्रिटिश मॉनिटर नौका त्यांनी बुडवल्या आणि मग दोघीही सुरुंगांत सापडल्या. मिदिल्ली बुडाली, तीनशेहून अधिक माणसं गेली. यावुझ तीन सुरुंग पोटात घेऊन परत फिरली आणि नारा भूशिराजवळ वाळूत रुतली. सहा दिवस विमानं तिच्यावर बॉम्ब टाकत होती. तिचं फारसं बिघडलं नाही. जुन्या तुर्की युद्धनौकेने तिला ओढून सोडवलं. त्यानंतर ई-14 ही ब्रिटिश पाणबुडी तिला बुडवायला आत शिरली. तोवर तिथे नौका नव्हती. परतताना पाणबुडीच बुडाली, तिचा कप्तान मेला. रिकाम्या वाळूसाठी गेलेले ते जीव.

आणि ज्या तिच्या मागे लागल्या होत्या? इन्डिफॅटिगेबल 31 मे 1916 ला जटलंडच्या लढाईत गोळे लागून काही मिनिटांत फुटली. हजाराहून अधिक माणसं गेली. पातळ चिलखताचा आणि दारूगोळ्याच्या हाताळणीतल्या निष्काळजीपणाचा तो हिशेब होता. ट्रबरिजची त्या रात्रीची नौका, डिफेन्स, त्याच संध्याकाळी सगळ्या माणसांनिशी गेली. ग्योबेनची जुळी बहीण मोल्टके 1919 मध्ये स्कापा फ्लोला जर्मनांनी स्वतःच बुडवली. त्या 4 ऑगस्टच्या तिघींपैकी इंडॉमिटेबल युद्धानंतर लवकरच भंगारात निघाली. उरली फक्त यावुझ, गळकी, पेटारे लावून सांधलेली.

युद्ध हरल्यावर ती विजेत्यांना द्यायची ठरली होती. लोझानच्या तहाने 1923 मध्ये ती तुर्कस्तानकडेच राहिली. काही वर्षं इझमितच्या आखातात गंजत पडली. मग फ्रेंच कंपनीला दुरुस्तीचं काम मिळालं, त्यासाठी तरंगती गोदी आली, ती गोदी पहिल्याच प्रयत्नात कोसळली. लाचेचं प्रकरण निघालं, आरमार खात्याच्या मंत्र्याला शिक्षा झाली आणि ते खातंच बरखास्त झालं. 1930 मध्ये मात्र ती पुन्हा समुद्रावर गेली. आता भट्टीसमोर तुर्की माणसं होती.

तिच्या उत्तर आयुष्यातला एकच दिवस नीट बघू या. 19 नोव्हेंबर 1938. नऊ दिवसांपूर्वी केमाल अतातुर्क वारला आहे. त्याची शवपेटी इस्तंबूलच्या धक्क्यावरून एका विनाशिकेने यावुझवर आणली आहे. तिथून इझमित, पुढे रेल्वेने अंकारा. तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक जर्मन कैसरच्या आरमारात जन्मलेल्या नौकेवर निजला आहे. आजूबाजूला मानवंदना द्यायला इतर देशांच्या युद्धनौका आल्या आहेत. त्यांत ब्रिटिश आहे, रशियन आहे, फ्रेंच आहे, जर्मनही आहे. चोवीस वर्षांपूर्वी याच देशांचे झेंडे तिच्या मागे होते, तिच्यासमोर होते, किंवा तिच्याच काठीवर होते. डेकवर शोक आहे, आणि खाली, नेहमीसारखं, कुणीतरी वाफेच्या दाबाचा काटा बघतो आहे. या दृश्यात क्षमा आहे, असं पटकन म्हणू नका. राज्यं क्षमा करत नसतात, त्यांची गरज बदलते. पण डेकवर रडणाऱ्या खलाशाचं दुःख खरं आहे, तेवढंच बघा.

1950 मध्ये तिची सेवा संपली, 1954 मध्ये आरमाराच्या यादीतून नाव निघालं. जगात उरलेली ती एकमेव बॅटलक्रूझर होती. 1963 मध्ये तुर्कस्तानने ती पश्चिम जर्मनीला देऊ केली. जर्मनीने नकार दिला. त्या नकारामागची अडचण मला समजते. कैसरच्या युद्धाची आठवण बंदरात बांधून ठेवायला त्या वेळच्या जर्मनीचं मन होत नसणार. तरीही ती जपायला हवी होती, असंच मला वाटतं. तिच्याच काळातली ग्रीक क्रूझर आवेरोफ, जी तुर्कांविरुद्ध लढली, ती अथेन्सजवळ आजही उभी आहे आणि शाळेतली मुलं तिच्या शिड्या उतरून खाली जातात. यावुझच्या बॉयलरपाशी उभं राहून चार हजार नळ्या एकदा बघायला मिळाल्या असत्या, भट्टीचं दार आणि माणसाची छाती यांत किती हात अंतर होतं ते मोजता आलं असतं, तर आगवाल्यांविषयी कुणाला फार सांगावं लागलं नसतं. डेकवरचा इतिहास पुस्तकांत टिकतो. तळघरातला टिकायला तळघरच लागतं.

1971 मध्ये ती भंगारवाल्यांना विकली गेली आणि 7 जून 1973 रोजी तिला ओढून नेण्यात आलं. पाण्यात उतरल्यापासून 62 वर्षं झाली होती. गॅसच्या ज्योतीने कापत कापत ती संपवायला 1976 उजाडलं. दहा सेंटिमीटर, वीस सेंटिमीटर, सत्तावीस सेंटिमीटर जाडीचं ते चिलखत सहजी तुटणारं नव्हतं. तिचे पंखे आणि काही भाग तुर्कस्तानात जपून ठेवले आहेत. बाकीचं लोखंड भट्टीत वितळलं आणि नव्या कामाला लागलं.